बाग आज बंद आहे

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी गमतीचं लिहून द्या, असा निरोप दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी तो टाळतो. सव्वीस वर्षं रायपूरच्या लोकांना फिरवून आणतो आहे, तेव्हा गमतीला तोटा नाही. हरिद्वारला स्वतःचं पाणी वीस लिटरच्या कॅनमधून नेणारे एक गृहस्थ होते. गंगेच्या घाटावर उभे राहून ते म्हणाले, "आपल्या खारून नदीची चव नाही याले." दार्जिलिंगला सूर्योदय ढगात गेला म्हणून माझ्याकडे लेखी तक्रार देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा कागद मी अजून जपून ठेवला आहे.

पण या वर्षी लिहितो आहे ती कबुली आहे. ज्या सभागृहात हा अंक प्रकाशित होईल, तिथेच गेल्या वर्षी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक पितळी ताट. ताटावर माझं नाव आणि खाली 'प्रसंगावधान' असा शब्द कोरला आहे. ताट खरं आहे, शब्द खोटा आहे.

आधी धंद्याविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं, सहल म्हणजे डोंगर, दऱ्या, देवळं. आमच्या दृष्टीने सहल म्हणजे खिडकी. बसमधली खिडकी कोणाला, खोलीची खिडकी कोणीकडे उघडते, काल कोण पुढे बसलं होतं. रोज सकाळी मी सगळ्यांना एक ओळ मागे सरकवतो, त्यामुळे पाच दिवसांत प्रत्येकाला पुढची जागा एकदा मिळते आणि प्रत्येकाचा माझ्यावर एकदा राग होतो. राग समान वाटला गेला की सहल यशस्वी.

दुसरी गोष्ट म्हणजे घरचे. प्रवासी एकटा कधीच येत नाही. त्याच्या मागे घरी दोन-चार माणसं जीव मुठीत धरून बसलेली असतात, आणि त्यांनाही सांभाळावं लागतं. फार वर्षांपूर्वी रामेश्वरच्या सहलीत दोन दिवस आमचा कोणाचाच फोन लागला नाही. इकडे पुरानी बस्तीतला एक मुलगा आईसाठी थेट पोलीस ठाण्यात गेला. आई तिकडे शंख-शिंपल्यांचा भाव करत होती. त्यानंतर मी एक युक्ती काढली. तिला मी खुशालीचं पान म्हणत असे.

सहल निघण्याच्या आधीच, तात्यापाऱ्यातल्या आमच्या ऑफिसात बसून मी रोजचे निरोप लिहून ठेवायचो. दिवस, वेळ, मजकूर. 'सकाळी आठ. नाश्ता झाला, बस निघाली. सगळे मजेत.' 'दुपारी साडेचार. आत्ता अमुक ठिकाणी आहोत. हवा छान. सगळे मजेत.' माझी बायको वर्षा ते पान समोर ठेवून घड्याळाप्रमाणे घरच्यांच्या ग्रुपवर टाकायची. सोबत मागच्या वर्षीच्या सहलीतला एखादा फुलांचा फोटो. प्रवासात मला कुठे उसंत असते? आणि कार्यक्रम तर ठरलेलाच असतो.

वर्षाने एकदा विचारलं होतं. "तुम्ही तं अजून इथंच बसून चहा पिऊन राहिले, अन् सगळे मजेत कसे?"

"अगं, मजेतच असतात," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत कोणी मजेत नव्हतं असं झालं का?"

तिने पान उचलून फोनशेजारी ठेवलं. लोक मात्र खूश होते. बाकी जेवणाचं, खोल्यांचं काही असो, अरुणभाऊंची खबर वेळेवर येते, असं सगळीकडे नाव झालं. वेळेवर यायची, कारण ती आधीच आलेली असायची.

आता श्रीनगर. त्या हल्ल्याची तारीख मी लिहीत नाही, जागेचं नावही नाही. ज्यांचं माणूस तिथे राहिलं, त्यांच्या घरीही हा अंक जाऊ शकतो. त्या बागेला मी झऱ्याची बाग म्हणतो. तलावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मधोमध दगडी नाली, तिच्यातून डोंगरातलं पाणी खाली वाहतं.

आम्ही एकोणीस जण होतो, अकरा घरांतले. त्यांत सुमनताई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पुरानी बस्तीत राहणाऱ्या, आवाज अजून वर्ग शांत करील असा. लग्नानंतर त्या आणि त्यांचे यजमान मधुकरकाका श्रीनगरला फिरायला गेले होते. चाळीस वर्षांत त्यांच्या बोलण्यात ते शहर रायपूरच्या शेजारीच कुठेतरी असल्यासारखं येत राहिलं. भाजी चांगली निघाली की "श्रीनगरची आठवण झाली", थंडी पडली की "हे काय, श्रीनगरला असते ती थंडी." काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. त्या वर्षी दोघांनी मिळून नावं दिली आणि मग काकांच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात प्रवास नाही. ताईही मागे थांबणार होत्या. काकांनीच त्यांना पाठवलं, एका कामगिरीवर. झऱ्याच्या बागेतलं पाणी बाटलीत भरून आणायचं. त्या पाण्याने पोट साफ होतं, असा काकांचा चाळीस वर्षांचा सिद्धांत होता. चाळीस वर्षांपूर्वी ते तिथे तीन पेले प्याले होते, तेवढाच पुरावा.

ताई पहिल्या दिवसापासून ती रिकामी बाटली पर्समध्ये घेऊन हिंडत होत्या.

बागेचा दिवस उजाडला. सकाळी तलावात नावेतून फिरवून आणलं, हॉटेलात जेवणं झाली. तीन वाजता बागेत निघायचं होतं. माझा उजवा गुडघा आदल्या दिवसापासून ठणकत होता. बागेच्या पायऱ्या मी आजवर तीस-एक वेळा तरी चढलो असेन. माझ्या डोळ्यांसमोर बाग आली नाही, पायऱ्याच आल्या. खोलीत गरम पाण्याची पिशवी होती. मी खाली आलो आणि सहज, पाऊस पडतोय म्हणावं इतक्या सहज, म्हणालो, "मंडळी, बाग आज बंद आहे. आत सफाई चालली आहे. उद्या सकाळी पहिल्यांदा तीच करू."

"बंद?" सुमनताई म्हणाल्या. "बाग बंद कशी असेल? पाणी बंद केलंय का त्यांनी?"

"उद्या नेतो, ताई."

"उद्या उद्या करत चाळीस वर्षं गेली, अरुणभाऊ." त्यांनी पर्सची चेन ओढली आणि पाठ फिरवून बसल्या.

आमचा तिथला, श्रीनगरचा ड्रायव्हर नझीरभाई दारात उभा होता. बारा वर्षं माझ्याबरोबर काम करणारा माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं. बाग उघडी आहे हे त्याला माहीत होतं. तो बसची काच पुसायला निघून गेला.

मी वर जाऊन झोपलो. कार्यक्रम बदलला हे वर्षाला कळवायला हवं, असं मनातही आलं नाही. आजवर असे छोटे बदल कितीदा केले होते, निरोप तसेच जात राहिले आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

चार वाजून गेल्यावर गाड्यांचे सायरन सुरू झाले. नझीरभाई धावत आत आला आणि त्याने हॉटेलचं फाटक लावून घेतलं. दिवाणखान्यातला टीव्ही कोणीतरी लावला. बागेच्या बाहेर, जिथे बस उभ्या राहतात, तिथे पर्यटकांवर गोळीबार झाला होता. मी खाली उतरलो तेव्हा सगळे पडद्यासमोर उभे होते, बसलं कोणीच नव्हतं. मग एकेकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

बावणे साहेब पहिले बोलले. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, प्रत्येक पुलावर बस थांबवून खांब तपासणारे. "अरुणभाऊ, तुमाले आतली खबर होती! म्हणूनच बाग बंद म्हणालात!"

सुमनताई तीन वाजल्यापासून माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या मला तिसरीत शिकवायला होत्या, हे सांगायचं राहिलं. तेव्हाही त्यांनी असाच हात ठेवला होता, मी न चुकता पाढा म्हटला तेव्हा.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

अशा वेळी माणसं काय करतात, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. एक जोडपं बॅगा भरायला लागलं, जणू बॅग भरली की विमान फाटकाशी येईल. एक बाई साडीची घडी घालत होत्या आणि मोडत होत्या. कोणी रडलं नाही. कोणीतरी मोठ्याने विचारलं, रात्रीच्या जेवणात भात आहे ना, आणि त्या माणसावर कोणी रागावलंही नाही. बावणे साहेब मात्र नझीरभाईकडे बोट करून मराठीत म्हणाले, "याले आधी फाटकाबाहेर काढा. कोणाचा कोण, काय माहीत."

नझीरभाईला मराठी येत नाही. पण असं वाक्य कळायला भाषा लागत नाही. त्याने खिशातून बसची किल्ली काढली आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. "साहब, चाबी आप रखिए. मैं यहीं सीढ़ी पर बैठा हूँ."

बावण्यांनी किल्लीला हात लावला नाही. नझीरभाई पायरीवर जाऊन बसला.

तेव्हा माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पावणेपाच. आणि साडेचारचा निरोप मला शब्दन् शब्द आठवला, कारण तो मीच लिहिला होता. 'दुपारी साडेचार. आत्ता सगळी मंडळी झऱ्याच्या बागेत. हवा छान. सगळे मजेत.'

मी फोन काढला. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड फोन तिकडे चालत नाहीत, हे तिकडे जाऊन आलेल्यांना माहीत असेल. महिन्याचं बिल येणारे फोन दोनच होते, माझा आणि बावण्यांचा. दोन्हींवर नेटवर्क नव्हतं. हॉटेलचा फोन कधीचा मुका होता.

सुमनताईंनी माझा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"ताई, घरी निरोप गेला असेल की आपण बागेत आहोत."

"कोणी पाठवला?"

"मीच. पंधरा दिवसांपूर्वी."

त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "स्टेंट बसून चार महिने झालेत त्यांना. घरी एकटे आहेत."

एवढंच. मला आजही झोपेत ऐकू येतं ते हे वाक्य.

आमचं बोलणं मी नझीरभाईला हिंदीत सांगितलं. तो उठला. चार गल्ल्या सोडून त्याच्या मावसभावाचं घर होतं, तिथे तारेचा फोन होता. "कभी-कभी वो चलता रहता है."

"मी येतो," मी म्हटलं.

"आपको रोक देंगे. रोकेंगे तो मुझे भी, लेकिन मुझे रुकने की आदत है."

प्रवाशांच्या यादीवरून मी अकरा घरांचे नंबर एका कागदावर उतरवून दिले. साडेपाचच्या सुमाराला तो पायी गेला. ज्या माणसाला तासाभरापूर्वी बाहेर काढा म्हटलं होतं, त्याच्या वाटेकडे आता एकोणीस जण डोळे लावून बसले होते. बावणे साहेब खिडकीशी उभे होते. त्यांनी ती खिडकी कोणाला दिली नाही.

नझीरभाई पावणेसातला परत आला. दोन ठिकाणी अडवलं होतं, एकदा सगळे खिसे उलटे करायला लावले होते. अकरापैकी नऊ घरी बोलणं झालं होतं. तो एकेक नाव वाचत गेला आणि नाव आलं की ते माणूस खाली बसत गेलं. दोन घरं राहिली.

"एक साहब ने पूछा, फिरौती कितनी चाहिए. और फ़ोन रख दिया."

तो बावणे साहेबांचा मुलगा होता. त्याला हा खंडणीचा फोन वाटला. बावणे साहेब खिडकीतून वळले.

"और मास्टरनी जी के साहब ने..." नझीरभाई अडखळला. "उन्होंने मेरी बात नहीं मानी. बोले, तुम्हारे दफ़्तर ने भी लिखा है कि सब मजे में हैं. मैं तुम लोगों की कौन-सी बात मानूँ?"

आता आम्ही खरं सांगत होतो आणि ते खोट्यासारखं वाटत होतं, कारण खोटं माझ्याच शब्दांत आधीच पोचलं होतं.

"फिर बोले, मेरी बीवी से पूछकर आओ, शादी के बाद उस बाग में मेरा क्या खोया था."

सुमनताईंनी क्षणभर डोळे मिटले. आणि त्या हसल्या. त्या संध्याकाळी हॉटेलात कोणीतरी पहिल्यांदा हसलं. "डावी चप्पल. नालीत पाय सोडून बसले होते, वाहून गेली. त्यांना सांगा, उजवी तुम्हीच रागाने फेकलीत, आणि हॉटेलापर्यंत अनवाणी आलात. सगळं सांगा."

नझीरभाईने कागदाच्या मागे उर्दूत लिहून घेतलं. तो वळणार इतक्यात बावणे साहेब पुढे आले. साठी उलटलेला माणूस, पण नवीन विद्यार्थ्यासारखा उभा राहिला. "मेरे लड़के को बोलिए..." ते थांबले. आमच्याकडे पाहिलं. "बोलिए कि उसका घर का नाम बोक्या है. ये नाम सिर्फ हम तीन लोग जानते हैं."

"बोक्या," नझीरभाईने लिहिलं. बावण्यांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि त्याच्या हातात दिली. "और ये आपकी है. भैया, संभल के जाना."

तो आठ वाजता आला. अंगात ताकद उरली नव्हती, पण दारातूनच म्हणाला, "दोनों मान गए." काका काय म्हणाले, ताईंनी विचारलं. "पहले हँसे. फिर बहुत देर तक कुछ नहीं बोले. मैंने भी नहीं बोला. फ़ोन पकड़े खड़ा रहा."

दुसऱ्या दिवशी शहर बंद होतं. सरकारने नाही, हल्ल्याच्या निषेधात लोकांनी बंद ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी विमानतळाकडे निघालो. वाटेत एका नाक्यावर बस थांबली, तर एका भटारखान्यातला म्हातारा बाहेर आला आणि खिडक्यांमधून गरम रोट्या आत देत गेला, मागची खिडकी, पुढची खिडकी, सगळ्यांना. पैसे द्यायला हात बाहेर काढले तर त्याने ते हात धरून आत ढकलले.

विमानतळावर नझीरभाईने सुमनताईंची बाटली त्यांना दिली. भरलेली. ती त्याने कधी मागून घेतली होती, मला कळलंही नव्हतं. "झरने का नहीं है, मास्टरनी जी. वहाँ जाने नहीं देते. हमारे घर के नल का है. पर पहाड़ वही है."

रायपूरला अकरा घरची माणसं विमानतळावर होती आणि एका बाजूला वर्षा. तो निरोप गेल्यावर काय झालं, ते मला नंतर इतरांकडून कळलं. साडेचारला तिने निरोप टाकला तेव्हा तिला हल्ल्याचा पत्ताच नव्हता. पाच मिनिटांत फोन सुरू झाले. पान आधीच लिहिलेलं असतं, हे तिने प्रत्येकाला स्वतः सांगितलं. अकरा घरच्या शिव्या खाल्ल्या. एकालाही ती 'हे त्यांचं काम' म्हणाली नाही, 'निरोप मी पाठवला' एवढंच म्हणाली. मग स्कूटी काढून ती मधुकरकाकांकडे गेली, त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि शेवटचा फोन येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिली. घरी आल्यावर मला एकच म्हणाली, "ते पान मी फाडून टाकलं." माझ्यावर याहून जास्त रागावण्याचा तिला हक्क होता.

पुढे महिन्याभरात सत्कार झाला. 'बाग बंद आहे' ही गोष्ट गावभर झाली होती, आणि प्रत्येक तोंडी माझी खबर जास्त आतली होत गेली. मी नको म्हटलं, तर तो विनय ठरला. शाल मधुकरकाकांनी घातली. घालताना माझ्या खांद्यावर त्यांनी हात जरा जास्त वेळ ठेवला. भाषणात मी आभार मानले आणि खाली बसलो.

दोन महिने ते ताट मी कपाटात उलटं ठेवलं. मग एका सकाळी पुरानी बस्तीत गेलो. काका ओसरीवर पेपर वाचत होते. शेजारी ती बाटली, निम्मी रिकामी, आणि वर उपडा ठेवलेला चमचा.

"रोज एक चमचा," काका म्हणाले. "पोट एकदम साफ. बस."

"काका, मला सांगायचंय. बाग त्या दिवशी बंद नव्हती."

त्यांनी पेपरची घडी घातली. "मले माहीत आहे."

"कसं?"

"तुह्या ड्रायव्हरले विचारलं ना मी. चपलेचं सांगून झाल्यावर. म्हटलं, बाग बंद थी क्या? तो म्हणे, साहब, बाग तो खुली थी, हमारे साहब का घुटना बंद था." काका खदखदून हसले. "सच्चा माणूस आहे तो."

"मग सत्काराच्या वेळी बोलला का नाहीत? तुम्हीच शाल घातलीत!"

"काहून बोलू? बायको घरी आली होती माही. त्या महिन्यात मी चोरालेही शाल घातली असती. तुहा गुडघा दुखला म्हणून ती वाचली. आता काय मी देवाले सांगू का, याचा गुडघा काहून दुखवला?"

मला मोठाच दिलासा वाटला. तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण काकांचा आवाज बदलला.

"पण अरुण, ते 'सगळे मजेत' मी माफ नाही केलं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "टीव्हीवर बातमी लागली, तवा मी म्हटलं, श्रीनगर मोठं आहे, हे लोक असतील कुठं भलतीकडं. देवाचं नाव घेऊन बसलो होतो. मग तुहा निरोप आला. बागेचं नाव घालून. फुलांचा फोटो लावून. खबर नसती आली तं मी वाट पाहिली असती. वाट पाहता येते माणसाले. तू वाटही पाहू देली नाही."

आतून सुमनताईंनी चहा आणला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "आधी चहा घे. मग रड." तिसरीनंतर पहिल्यांदाच त्या मला अरेतुरे म्हणाल्या.

निघताना काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. "एक, डॉक्टर हो म्हणतील तवा आमाले दोघांनाही घेऊन चल. दोन, हे सगळं मंडळाच्या अंकात लिही. शाल तिथंच घेतली ना, मंग तिथंच सांग."

दुसरी अट आज पुरी करतो आहे. पहिली या उन्हाळ्यात पुरी झाली.

नावं सातच आली. एरवी एवढ्या लोकांसाठी मी सहल काढत नाही. काका, सुमनताई, आणि बावणे साहेब मुलाला घेऊन. बावण्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "खिडकी वगैरे काही नको. ड्रायव्हरच्या मागची सीट द्या." चाळिशीतला तो मुलगा बसमध्ये चढला, तेव्हा नझीरभाईने हात पुढे केला आणि अगदी अदबीने म्हणाला, "आइए, बोक्या साहब." सगळी बस हसली. बोक्या लाजला, पण हात त्याने दोन्ही हातांनी धरला.

बागेबाहेर, बस उभ्या राहतात तिथे, आम्ही सगळे उतरून उभे राहिलो. कोणी काही ठरवलं नव्हतं. सुमनताईंनी मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, त्यांचे ओठ हलताना दिसले. माझ्या वाट्याचा बागेतला तास त्या दिवशी कोणीतरी दुसऱ्याने भरला, हे मी तिथे उभा राहून स्वतःला सांगितलं. याची फेड नाही. गुडघ्यावर हसता येतं, याच्यावर नाही.

मग आत गेलो. नझीरभाईने काकांना दंडाला धरून एकेक पायरी चढवलं. मागून मी, कठड्याला धरून. काकांनी झऱ्याखाली ओंजळ धरली, प्याले, पुन्हा प्याले, आणि बराच वेळ विचार करून म्हणाले, "नझीरभाई, आपके नल का अच्छा था." नझीरभाई पोट धरून हसला. मग काका नालीच्या काठावर बसले. पाय पाण्यात सोडायच्या आधी सुमनताईंनी त्यांच्या दोन्ही चपला काढून घेतल्या आणि स्वतःच्या पर्समध्ये, बाटलीशेजारी ठेवल्या.

मी बाजूच्या पायरीवर उभा राहून फोन काढला. आता पान नसतं. जिथे असतो तिथून, जे दिसतं ते मीच लिहितो, आणि नेटवर्क नसलं तर लिहीत नाही. घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवतो. म्हणून उशीर होतो, लोक कुरकुरतात. त्या दिवशी लिहिलं:

'बाग उघडी आहे. आम्ही आठ जण आणि नझीरभाई आत आहोत. थोडी भीती वाटली. काकांच्या चपला ताईंजवळ आहेत. माझा गुडघा दुखतो आहे.'

मिनिटभराने तात्यापाऱ्यातून वर्षाचं उत्तर आलं.

'मग बसा.'

मी बसलो.